स्टेम सेलनं पायाची जखम भरते का?

नमस्कार मंडळी. आज बोलायचंय पायाच्या जखमेबद्दल. घरात कुणाला शुगर आहे, तळव्याला जखम झालीय, महिना-दोन महिने ड्रेसिंग चालूय तरी भरायचं नाव नाही, आणि तेवढ्यात मोबाईलवर व्हिडिओ येतो की स्टेम सेलचं इंजेक्शन घ्या, पाय वाचेल. मग सोनं मोडायच्या गोष्टी सुरू होतात, म्हणून जरा सविस्तर सांगते.

आधी जखम भरत का नाही ते बघू. बरीच वर्षं शुगर चढलेली राहिली की पायाच्या नसा बधिर होतात, चपलेतला खिळा वर आलेला असतो आणि माणूस दिवसभर त्याच्यावर चालतो, संध्याकाळी फरशीवर रक्ताचा डाग दिसला की मग कळतं. त्यात रक्तवाहिन्या अरुंद झालेल्या, त्यामुळे रक्त कमी, ऑक्सिजन कमी, अँटिबायोटिकही तिथवर नीट पोचत नाही. साध्या जखमेची सूज थोड्या दिवसांत उतरते आणि नवं मांस धरायला लागतं, इथे जखम सुजेवरच अडकून बसते.

आता स्टेम सेल, म्हणजे ज्यांच्यापासून शरीरातल्या दुसऱ्या पेशी तयार होऊ शकतात अशा मूळ पेशी. यासाठी बहुतेक वेळा मेसेंकायमल नावाच्या स्टेम सेल घेतात, अस्थिमज्जेतल्या, चरबीतल्या नाहीतर बाळाच्या नाळेतल्या. लोकांना वाटतं त्यांचीच नवी कातडी होते, तसं फारसं होत नाही. त्यांचं काम मुकादमाचं, म्हणजे त्या व्हीईजीएफसारखी द्रव्यं सोडतात, त्यानं नव्या बारीक रक्तवाहिन्या तयार व्हायला लागतात, सूज निवते, आजूबाजूच्या पेशी कामाला लागतात आणि या स्वतः काही काळानं बहुतेक नाहीशा होतात. मला हे फार विलक्षण वाटतं. छोट्या चाचण्यांमध्ये जखमा लवकर भरल्याचंही दिसलंय, पण रुग्ण थोडे आणि प्रत्येक ठिकाणची पद्धत वेगळी, त्यामुळे सगळ्यांना सरसकट द्यावं असं अजून म्हणता येत नाही.

आपल्याकडे बंगळुरूच्या कंपनीच्या स्टेमप्युसेल या स्टेम सेलच्या औषधाला 2020 मध्ये परवानगी मिळाली, पण ती पायाचा रक्तपुरवठा फारच कमी झालेल्या ठराविक रुग्णांसाठी, शुगरच्या प्रत्येक जखमेसाठी नाही. आणि आयसीएमआरची, म्हणजे वैद्यकीय संशोधन बघणाऱ्या सरकारी संस्थेची, 2017 ची नियमावली सांगते की मंजुरी नसलेली स्टेम सेल थेरपी फक्त रीतसर क्लिनिकल ट्रायलमध्येच, म्हणजे रुग्णांवरच्या संशोधन चाचणीतच, द्यायची. अशा ट्रायलमध्ये उपचाराचे पैसे रुग्णाकडून घेत नाहीत. तेव्हा कुणी लाखांचं पॅकेज सांगितलं तर थेट विचारा, ही ट्रायल आहे का, सीटीआरआयवर, म्हणजे ट्रायलच्या सरकारी नोंदवहीत, नोंद आहे का, एथिक्स कमिटीची परवानगी दाखवा. उत्तर टाळलं तर उठून या.

आणि ट्रायलमध्ये गेलात तरी बाकीचं सुटत नाही हो. मेलेलं मांस काढावंच लागतं, डॉपलर, म्हणजे रक्ताचा प्रवाह दाखवणारी सोनोग्राफीसारखी तपासणी, करून रक्तपुरवठा बघावा लागतो, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे त्या पायावर भार टाकायचा नाही, त्यासाठी खास प्लास्टर किंवा बूट मिळतो. जखमेवर चालतच राहिलात तर स्टेम सेल तरी काय करणार?

ज्यांना अजून जखम नाही त्यांनी पुढच्या वेळी शुगर दाखवायला जाल तेव्हा चपला काढून पायही दाखवा, डॉक्टरांनी विचारलं नाही तरी दाखवा. पाय बधिर झालाय का ते बघायला नायलॉनचा बारीक धागा तळव्याला वाकेपर्यंत टेकवतात, तुम्ही डोळे मिटून सांगायचं, लागलं की नाही. दोन-चार मिनिटांचं काम आहे.