खारट पापा

[दृश्य: स्वयंपाकघरातला ओटा. भांड्यांच्या जाळीत उपडे घातलेले कप, एक गाळणं, आणि त्यांच्यात नेब्युलायझरचे सुटे केलेले प्लास्टिकचे भाग. पाणी ठिबकतंय.]

हे भाग रोज, प्रत्येक वाफेनंतर धुवावे लागतात. नुसते खळबळून चालत नाही. साबणाने धुवायचे, उकळायचे, पूर्ण वाळू द्यायचे. आत ओल राहिली, त्या ओलीत जंतू राहिला, तर पुढच्या वाफेबरोबर तो थेट छातीत उतरणार.

सिस्टिक फायब्रोसिस हा छातीत चिकट कफ साठवणारा जन्मजात आजार असलेल्या माणसाला विचारा, कसं असतं हो हे सगळं? फार मोठं काही ऐकायच्या तयारीत आपण बसतो, आणि बऱ्याचदा उत्तर येतं ते या जाळीपासून. दुसरी नोकरी असल्यासारखं आहे, म्हणतात. पगार नाही, रजा नाही. सकाळी दीड तास वाफ आणि छाती मोकळी करण्याचे व्यायाम, मग खरी नोकरी, मग संध्याकाळी पुन्हा तेच. कुणाचं कमी, कुणाचं जास्त. आणि प्रत्येक जेवणाआधी पाचकरसाच्या कॅप्सूल, कारण स्वादुपिंडातला रस वाटेतच अडलेला असतो.

या आजाराला माणसांनी बरेच शब्द दिलेत. काही बघणाऱ्यांनी दिले, काही भोगणाऱ्यांनी. आज ते ऐकू.

[दृश्य: जुन्या पद्धतीचा, गोल तबकडीचा टेलिफोन. वायर दाराखालून दुसऱ्या खोलीत गेलेली.]

सगळ्यात गाजलेला शब्द एका चार वर्षांच्या मुलाचा आहे. साल 1965, देश अमेरिका. मेरी वाइस या आईच्या तिन्ही मुलांना हा आजार होता. संशोधनाला पैसे मिळावेत म्हणून ती घरून एकामागून एक फोन करायची. तिचा छोटा रिचर्ड ते ऐकत असायचा. एक दिवस तो म्हणाला, मला माहितीये तू कशासाठी काम करतेस. कशासाठी? तर, सिक्स्टी फाइव्ह रोझेससाठी.

सिस्टिक फायब्रोसिस, सिक्स्टी फाइव्ह रोझेस. भराभर म्हणून बघा, पोराचा कान काही फार चुकला नव्हता. पासष्ट गुलाब. तिथल्या सिस्टिक फायब्रोसिस फाउंडेशनने ते नाव उचललं, आणि लोक दंडावर गुलाब गोंदवून घेऊ लागले.

गोष्ट सुरेख आहे. पण शब्द चार वर्षांच्या मुलाचा आहे, आणि चौतिसाव्या वर्षी ऑफिसच्या मीटिंगमध्ये खोकल्याची उबळ दाबून बसलेल्या बाईला आपल्या आजाराचा पुष्पगुच्छ झालेला आवडेलच असं नाही. फुलं आपण कुठे कुठे नेतो, ते तिलाही ठाऊक असतं.

बरं, जे डॉक्टरी नाव आहे तेही काही आजार सांगत नाही. 1938 साली न्यूयॉर्कमध्ये डॉ. डोरोथी अँडरसन यांनी दगावलेल्या मुलांच्या शवविच्छेदनातून या आजाराचं वर्णन केलं. स्वादुपिंडात त्यांना पाण्याच्या गाठी आणि वणासारखे घट्ट झालेले भाग दिसले. सिस्टिक म्हणजे गाठींचं, फायब्रोसिस म्हणजे ते घट्ट होणं. ज्या फुप्फुसांनी बहुतेक माणसं अखेर जातात, त्यांचा नावात पत्ताच नाही. जर्मन आणि फ्रेंच लोक निदान चिकट कफ असा अर्थ असलेलं नाव वापरतात.

[दृश्य: काकवीच्या बरणीतून चमचा वर येतो. धार तुटत नाही.]

त्या कफाबद्दल थोडं. आपल्या श्वासनळ्यांच्या आतून पाण्याचा अगदी पातळ थर असतो. त्यात सूक्ष्म केस सतत हलत असतात आणि धूळ, जंतू, कफ वर घशाकडे झाडून काढतात. घरातली केरसुणीच. या आजारात तो पाण्याचा थर आटतो. केरसुणी खळीत रुतावी तसे केस रुततात. मग जंतू मुक्कामाला येतात, त्यांच्याशी लढून मेलेल्या पांढऱ्या पेशी तिथेच साठतात, त्या पेशींमधल्या डीएनएच्या तारांनी कफ आणखी तंतुमय होतो. 1993 साली आलेलं वाफेचं एक औषध हेच करतं, त्या तारा कातरतं.

हे लोकांना समजावं म्हणून जगभर एक प्रयोग करायला सांगतात. नाक धरा, तोंडात स्ट्रॉ घ्या, आणि चाला. या फिल्मचं संकलन चालू असताना मीही केला. रसवंतीतून आणलेली स्ट्रॉ, नाक चिमटीत, इमारतीचा जिना. पहिल्या मजल्यावर कान तापले. दुसऱ्याला सहा पायऱ्या बाकी असताना मी स्ट्रॉ काढून फेकली.

आणि तिथेच ती उपमा फसते. मला फेकता आली. शिवाय माझी हवा एका मिनिटात कमी झाली, त्यांची वीस वर्षांत होते. इतकी हळू, की अंगाला तेच नेहमीचं वाटू लागतं. ‘आतल्या आत बुडत असल्यासारखं’ हाही शब्द फार वापरला जातो, आणि आजार खूप पुढे गेलेली माणसं स्वतःही तो वापरतात. पण बुडणारा माणूस हातपाय मारतो. हा माणूस बँकेच्या रांगेत उभा असतो, आणि मागचा त्याला म्हणतो, तुमच्याकडे बघून वाटत नाही हो.

मराठीत श्वासाला, ताकदीला आणि धीराला मिळून एकच शब्द आहे, दम. दम लागतो, दम असतो, दम धरायचा असतो. या एका बाबतीत आपली भाषा बरीच पुढे आहे.

[दृश्य: गॅरेज. बॉनेट उघडलेली गाडी. मेकॅनिक हात पुसतो.]

मला सगळ्यात आवडलेला शब्द गॅरेजमधला आहे. ट्यून-अप. छातीतला संसर्ग वाढला की अमेरिकेतली ही मंडळी साधारण दोन आठवडे रुग्णालयात दाखल होतात, शिरेतून प्रतिजैविकं घेतात आणि घरी येतात. त्याला ते ॲडमिट होणं म्हणत नाहीत, ट्यून-अपला चाललो म्हणतात. गाडी सर्व्हिसिंगला टाकलीय, तशातलं.

हा शब्द कुणासाठी आहे ते बघा. आपल्याकडे अमका ॲडमिट आहे म्हटलं की शहाळी निघतात, काकू येतात, खाटेच्या पायथ्याशी उभं राहून चेहरा पाडतात, आणि आजाऱ्यालाच त्यांची समजूत घालावी लागते. सर्व्हिसिंगला टाकलेल्या गाडीसाठी कोणी चेहरा पाडत नाही. कधी मिळणार, एवढंच विचारतात. तो शब्द म्हणजे समोरच्याच्या चेहऱ्याचा केलेला बंदोबस्त आहे.

अर्थात तो थोडं लपवतोही. पहिल्या एका सेकंदात तुम्ही किती हवा बाहेर फुंकता, यावर या लोकांचा हिशेब चालतो. यंत्रात फुंकायचं, पडद्यावर टक्के येतात. सर्व्हिसिंगनंतर तो आकडा दर वेळी पहिल्या जागी परत येतोच असं नाही. ऐंशी होता, अठ्ठ्याहत्तर झाला. पुढच्या वर्षी चौऱ्याहत्तर. प्रगतिपुस्तक हातात घेऊन उलट्या दिशेने चालायचं.

लढाईबद्दल मी थोडक्यात बोलणार आहे. आपल्या वर्तमानपत्रांत मथळा तयारच असतो, ‘मृत्यूशी झुंज अखेर अपयशी’. म्हणजे जाता जाता माणूस नापासही होतो. आणि शत्रू कोण? तो तर स्वतःच्याच सातव्या गुणसूत्रावर आहे, आईकडून एक आणि वडिलांकडून एक असा आलेला. दोघांनाही पत्ता नसतो, कारण जनुकाची एकच बिघडलेली प्रत असलेल्याला हा आजार होत नाही.

[दृश्य: खिळे जुळवलेलं जुनं छापखान्याचं पान. त्यात एक रिकामी जागा.]

1989 साली टोरांटोतले लॅप-ची त्सुई आणि जॅक रिओर्डन, आणि मिशिगनचे फ्रान्सिस कॉलिन्स यांच्या पथकांनी हा जनुक शोधला. त्यातला सगळ्यात जास्त आढळणारा दोष म्हणजे अक्षरशः मुद्राराक्षसाचा प्रताप. तीन अक्षरं गळालेली. त्यामुळे या जनुकावरून घडणारं प्रथिन म्हणजे जी 1480 मण्यांची माळ, तिच्यातला 508 वा मणी नसतो. बस, एवढंच.

ती माळ म्हणजे पेशीच्या भिंतीतला एक दरवाजा. त्यातून क्लोराइड, म्हणजे मिठाचा अर्धा भाग, ये-जा करतो आणि त्याच्यामागे पाणी. मणी नसलेला दरवाजा नीट घडी घेत नाही. पेशीच्या कारखान्यातली तपासणी त्याला नापास करते आणि भंगारात टाकते, तो भिंतीपर्यंत पोचतच नाही. काहींचा दोष निराळा असतो. दरवाजा भिंतीत बसलेला असतो, पण उघडत नाही. असे छोटे-मोठे फरक 2000 च्या आसपास नोंदले गेलेत.

ही दरवाजाची उपमा डॉक्टरांची, पण रुग्णांनीही ती आपली करून घेतली, कारण औषधं तिच्याच भाषेत आली. 2012 साली अमेरिकेत मान्यता मिळालेलं आयव्हाकॅफ्टर म्हणजे दरवाजाला लावलेली पाचर, उघडा ठेवायला. ते मोजक्या लोकांच्या कामाचं होतं. 2019 मध्ये तीन औषधं एकत्र आली, दोन सुतार आणि तीच पाचर. सुतार दरवाजाची घडी सुधारून भिंतीपर्यंत पोचवतात, पाचर तो उघडा ठेवते.

पहिल्या गोळीनंतर काही तासांतच अनेकांच्या छातीतून कफ सुटायला लागला. वर्षानुवर्षांचा. तासन् तास. त्यालाही लोकांनी लगेच नाव दिलं, पर्ज, म्हणजे सफाई. गटारी तुंबलेल्या वाड्यात पहिला जोराचा पाऊस यावा आणि सगळं वाहून जावं, तसं. त्यानंतर रात्री झोपताना स्वतःच्या श्वासाचा आवाज येत नाही म्हणून दचकल्याचंही लोक सांगतात.

यातून एक चमत्कारिक अडचण झाली. ही माणसं अंगावर एक्सपायरी डेट छापलेली असल्यासारखी वाढली होती. 1950 च्या सुमारास यातली फारशी मुलं शाळेत जायच्या वयापर्यंतही पोचत नसत. आता अमेरिकेत जन्मणाऱ्या अशा मुलांचं अपेक्षित आयुष्य साठीच्या घरात गेलंय. ज्यांनी चाळिशी गृहीतच धरली नव्हती, ते एकदम निवृत्तीच्या तरतुदीचे कागद बघू लागले. आणि साधारण दहातल्या एकाच्या दरवाजाला हे सुतार चालतच नाहीत. तो फलाटावर उभा, गाडी सुटलेली, आणि गाडीत त्याचीच माणसं.

त्याचीच म्हणजे खरंच त्याची. सिस्टिकमधल्या सिस्टचा खेळ करून या मुली एकमेकींना ‘सिस्टर’ म्हणतात, फायब्रोमधल्या ब्रोवरून मुलगे एकमेकांचे ‘फायब्रो’. आजारातून बहीण-भाऊ काढले पठ्ठ्यांनी! पण या भावंडांनी भेटायचं नाही. एकाच्या छातीतला जंतू दुसऱ्याला जड जातो. पूर्वी अशा मुलांची उन्हाळी शिबिरं व्हायची. बर्कहोल्डेरिया नावाचा जंतू त्यांच्यात पसरतो हे कळलं आणि शिबिरं बंद झाली. 2013 पासूनची अमेरिकेतली सूचना आहे, सहा फुटांचं अंतर ठेवा. सहा फुटांवरून भावाला ओवाळता येईल, टिळा लावता येणार नाही.

[दृश्य: लोखंडी कढईत चिमूटभर खडेमीठ. तडतड.]

आता मीठ.

जुन्या युरोपात, जर्मन भाषेच्या मुलखात, एक म्हण होती. ज्या बाळाच्या कपाळाचा मुका खारट लागतो त्याला कोणीतरी झपाटलंय, ते लवकर मरणार. आपण ज्या मिठाने दृष्ट काढतो, ते तिकडे दृष्ट लागल्याची खूण होतं.

1948 च्या ऑगस्टमध्ये न्यूयॉर्कला उष्णतेची लाट आली. उन्हाने कोसळून रुग्णालयात आलेल्या मुलांमध्ये हा आजार असलेली मुलं वाजवीपेक्षा जास्त दिसली. डॉ. पॉल दी सँट’अ‍ॅग्नेझी यांनी त्याचा पाठपुरावा केला आणि 1953 मध्ये दाखवून दिलं की यांच्या घामातून मीठच फार जातं. घामाच्या ग्रंथीतही तोच दरवाजा. तिथे तो मीठ परत आत घ्यायचं काम करतो, आणि तो बंद. 1959 साली घामाची पक्की तपासणी आली. दंडावर औषध लावून हलका विद्युतप्रवाह सोडायचा, घाम गोळा करायचा, क्लोराइड मोजायचं. लिटरला 60 मिलिमोल किंवा त्याहून जास्त असलं की संशय जवळजवळ फिटतो. आजही हीच तपासणी आहे.

तिकडची तरुण मंडळी आता छातीवर ‘सॉल्टी’ छापलेले टी-शर्ट घालतात. पळून आल्यावर कपाळावर पांढरी पूड जमते, ती चाटायला कुत्रं येतं, त्यावर विनोद करतात. सगळ्या उपमांमध्ये हाच एक शब्द असा आहे की जो उपमा नाहीच. चव खरंच खारट असते.

[दृश्य: बाह्यरुग्ण विभागाचा व्हरांडा. मे महिना. पंखा. मांडीवर बाळ घेतलेल्या बायका.]

हा गोऱ्यांचा आजार, भारतात नाही, असं फार वर्षं मानलं गेलं. 1960 च्या दशकाच्या अखेरीपासून इथले रुग्ण वैद्यकीय नियतकालिकांत नोंदले जाऊ लागले. दिल्लीच्या एम्समध्ये पुढे यावर पुष्कळ काम झालं. पण गावातल्या दवाखान्यात अजूनही त्याला शब्द नाही. असलेले शब्द दुसऱ्यांचे आहेत. घरघरतं म्हणून बाळदमा. खोकला हटत नाही, वजन वाढत नाही म्हणून टीबीची औषधं. शी तेलकट आणि घाण वासाची होते म्हणून पोट बिघडलंय, दूध बदला. उन्हाळ्यात मलूल पडतं, उलट्या होतात, म्हणून ऊन लागलंय. ऊन लागलेलं असतंही. अंगातलं मीठ संपलेलं असतं.

ते तीन औषधांचं मिश्रण अमेरिकेत आलं तेव्हा वर्षाला तीन लाख डॉलरच्या वर होतं. या व्हरांड्यात त्याचा उल्लेखही निघत नाही. इथे निघायला हवी ती घामाची तपासणी, आणि तिची सोयही मोजक्या ठिकाणी.

ज्या डॉक्टरांना हा आजार ठाऊक आहे, ते स्टेथोस्कोप बाजूला ठेवून आईला एक प्रश्न विचारतात. गोड पापा, गोड पापा म्हणत जिने हजार मुके घेतलेत, तिला तो प्रश्न आधी कळतच नाही. मग ती बाळाच्या कपाळाकडे बघते.

बाई, याचा पापा घेतला की ओठाला काय लागतं?