टिनाखालची गिटार

(दृश्य: फेब्रुवारीतली दुपार. टिनाच्या छपराची खोली, टेबलावर लॅपटॉप. खिडकीतून उलंगवाडी झालेलं वावर.)

व्हॉट्सअ‍ॅपवर फाइल येते. सोबत एक ओळ: 'भाऊ, काळी चार हाय. टेम्पो तुमीच काढा.'

सेशन गिटारिस्टचं काम इथून सुरू होतं. गाणं दुसऱ्याचं, चाल दुसऱ्याची, नावही बहुतेक वेळा छापून येत नाही. १४ एप्रिलच्या भीमजयंतीची गाणी फेब्रुवारीतच अंगावर येतात. पुढे गणपती, देवी आणि दसऱ्याला दीक्षाभूमीवर जाणाऱ्यांसाठीची गाणी.

काळी चार म्हणजे जी शार्प. कॅपो, म्हणजे सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा, पहिल्या घरात लावून जीचे कॉर्ड धरता येतात, नाहीतर चौथ्या घरात लावून ईचे. चौथ्यात आवाज चमकतो खरा, पण गाण्यात बँजो असेल तर दोघं एकाच जागेवर भांडतात. तिथे पहिलं घरच बरं. त्याआधी गिटार पेटीच्या सुराला लावायची. गावातली जुनी पेटी ४४० हर्ट्झच्या ठरलेल्या सुराला असेलच असं नाही, आणि ट्यूनरवर भरवसा ठेवला तर सगळं गाणं किंचित बेसूर वाजतं. कुठे चुकतंय ते मात्र कुणाला सापडत नाही.

टेम्पोची, म्हणजे लयीच्या वेगाची, अडचण वेगळी. मोबाइलवर गायलेल्या कच्च्या रेकॉर्डिंगला क्लिक, म्हणजे लय धरून ठेवणारी टकटक, नसते. मुखडा मिनिटाला ९६ ठोक्यांवर सुरू होतो आणि कडव्यात ढोलकी रंगली की १०१ वर जातो. त्यावर गिटार वाजवून मग गायकाला क्लिकवर गायला लावलं, तर वाजवलेलं सगळं वाया. आधी क्लिक, मग आवाज, मग गिटार.

(दृश्य: स्क्रीनवर ट्रॅकच्या पट्ट्या.)

ऱ्हिदम दोनदा वाजवायचा, एक डावीकडे, एक उजवीकडे. एकच टेक कॉपी करून दोन्हीकडे ठेवला तर रुंदी येत नाही, फक्त आवाज वाढतो. प्रत्येक फाइल गाण्याच्या शून्य सेकंदापासून काढायची, गिटार तिसऱ्या मिनिटाला येत असली तरी. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झवर चार मिनिटांचा एक मोनो ट्रॅक साधारण ३५ एमबीचा होतो. सहा ट्रॅक म्हणजे २१० एमबी. गावात दोन एमबीपीएसचा अपलोड मिळाला तर चौदा मिनिटं, मध्ये रेंज गेली नाही तर. आणि सॅम्पल रेट (हाच किलोहर्ट्झचा आकडा) न विचारता ४४.१ ची फाइल ४८ समजून कुणी उघडली, की गिटार जवळपास दीड सेमीटोन वर चढते. मग रात्री अकराला फोन.

(दृश्य: डीपी, तारा, विहिरीवरची मोटार.)

विजेचं दुखणं दोन प्रकारचं. इलेक्ट्रिक गिटारीच्या सिंगल कॉइल पिकअपमध्ये (तारांचा आवाज उचलणारं चुंबकी वेटोळं) ५० हर्ट्झची घूं येते. लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर वाजवून पाहावं. घूं गेली तर दोष बहुतेक अर्थिंगचा, नाहीतर चार्जरचा. कोळसा-मीठ घातलेल्या अर्थिंगच्या खड्ड्यात उन्हाळ्यात पाणी सोडावं लागतं, माती सुकली की अर्थिंग नावालाच उरतं. दुसरं, स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टर. लाइट गेल्यावर पंखा चालतो, पण रेकॉर्डिंगमध्ये करकर शिरते. प्युअर साईन वेव्हचा महाग पडतो, तरी तोच घ्यावा.

खोलीचा आवाज मारायला इथे रॉकवूल, म्हणजे आवाज शोषणारी दगडी लोकर, शोधत बसायचं कारण नाही. दोन बाय चार फुटांची, चार इंच खोल चौकट, आत तीन किलो रुई. जिनिंगमधली रुई, वावरातला कापूस नव्हे. सरकी राहिली की उंदीर आलेच. नुसती कोंबली तर खाली बसते आणि वरची अर्धी चौकट रिकामी होते, म्हणून पिंजाऱ्याकडून गादीसारखे वीतभर अंतरावर टाके घालून घ्यायचे. कोपऱ्यात, भिंतीपासून चार इंच सोडून लावली तर खर्जाची घुमघुम कमी होते. वायरिंगपासून लांब ठेवायची, रुई आतल्या आत धुमसत राहते. टिनावरच्या पावसाला मात्र याचा काही उपयोग नाही. पावसाळ्यात माइक बंद, इलेक्ट्रिक गिटार माइकशिवाय थेट वायरीने रेकॉर्ड करायची.

(दृश्य: रात्र. केसमधून निघणारी अकूस्टिक गिटार.)

स्वतःच्या, नुसत्या गिटारीच्या अल्बमला मुहूर्त दिवाळीनंतर. उन्हाळ्यात लाकूड आकसून घरांमधल्या धातूच्या पट्ट्यांची टोकं बोटाला लागतात, पावसात वरची फळी फुगून तारा उंच होतात. कार्तिकात गिटार जाग्यावर आलेली असते.

दुसऱ्यांसाठी वाजवत स्वतःचंही काही काढायची ही वाट जुनी आहे. व्हॅन शिप्ले आणि हजारा सिंग सिनेमात गिटार वाजवत आणि त्याच सिनेमाच्या चाली वाजवून स्वतःच्या रेकॉर्डही काढत. मुंबईच्या स्टुडिओंमध्ये वाजवणाऱ्या चरणजीत सिंग यांनी १९८२ मध्ये गिटार बाजूला ठेवून सिंथेसायझरवर दहा रागांची रेकॉर्ड केली. तेव्हा ती फारशी कुणी घेतली नाही. २०१० मध्ये ती पुन्हा निघाली आणि परदेशात गाजली.

आज सिनेमाची चाल घ्यायची तर कायदा पाहावा लागतो. मूळ रेकॉर्डिंगच्या वर्षानंतर पाच वर्षं मालकाच्या परवानगीशिवाय कव्हर, म्हणजे त्याच गाण्याचं आपलं रेकॉर्डिंग, काढता येत नाही, त्यानंतरही रॉयल्टी आगाऊ भरावी लागते. म्हणून चाल आपलीच बरी. २०१२ च्या दुरुस्तीनंतर वादकालाही व्यावसायिक वापरावर रॉयल्टीचा हक्क आहे. सेशनच्या कागदावर सही करण्याआधी तेवढं वाचून घ्यावं. कागदच नसतो, ही गोष्ट निराळी.

खरी अडचण हाताची. सेशनवाल्याचा हात गायकाच्या मागे राहायला शिकलेला, दोन ओळींच्या फटीत चार सूर टाकून गप्प होणारा. इथे पुढे गायकच नाही. गाण्यात शब्द बदलले की तीच चाल नवी वाटते; गिटारीवर दुसऱ्या कडव्यालाही तीच चाल तीच राहते. मग सूर न बदलता जागा बदलायची. पहिल्या तारेच्या पाचव्या घरातला सूर दुसऱ्या तारेच्या दहाव्या घरात घेतला की तो जाड, थोडा खोल लागतो आणि मींड लांब ओढता येते.

माइक बाराव्या घरासमोर, दीड वीत लांब. भोकासमोर धरला की नुसता ढब्ब आवाज. पंखा बंद. शेतीची लाइन रात्रीची असेल तर मोटारी थांबेपर्यंत वाट पाहायची. साडेचारला काकड्याचा भोंगा लागतो. त्याआधी एक टेक होईल, फार तर दोन.