आधी हिरा, मग कोंदण

(अमळनेर स्टेशन, भल्या सकाळी. सुरतेकडून आलेली गाडी थांबते.)

सुरतेच्या गाडीतून खानदेशात साड्यांचे गठ्ठे येतात, सुरतेतल्या लिंबायत-उधन्याला राहणारी माणसं लग्नसराईला गावी येतात. आज एका मामाच्या आतल्या खिशात, कागदाच्या पुडीत, भाच्याच्या साखरपुड्याच्या अंगठीसाठी सुटा हिरा आलाय. वजन 48 सेंट. शंभर सेंटचा एक कॅरट, आणि पाच कॅरट म्हणजे एक ग्रॅम. तेव्हा हा ऐवज भरतो 96 मिलिग्रॅम. तांदळाचे चार-पाच दाणे तळहातावर घ्या, तेवढा भार.

तापी आपल्याकडून वाहत सुरतेला जाते, त्याच वाटेनं माणसंही गेली. कुणी मागावर बसलं, कुणी घंटीवर. घंटी म्हणजे गरगर फिरणारी लोखंडी तबकडी, तिच्यावर तेलात कालवलेली हिऱ्याचीच पूड. हिऱ्याला हिराच घासतो, दुसरं काही चालत नाही. सुरतेत या कामगाराला मानानं रत्नकलाकार म्हणतात. मामा मात्र विचारलं तर एवढंच सांगतो, "हिरे घासतो."

(घर. ओटा. मामा पुडी उलगडतो.)

भाच्याची आई वाकून बघते. "हाई काय शे? येवढासा दाना!"

कागद नीट बघा. बाहेरून पांढरा, आत फिकट निळसर अस्तर. या निळसर झाकेवर किंचित पिवळट हिराही पांढराशुभ्र दिसतो. म्हणून मामा हिरा चिमट्यानं उचलतो, साध्या पांढऱ्या कागदाची दुमड करतो, आणि तिच्यात तो पालथा ठेवतो, टोक वर. सरळ ठेवला तर चमक डोळ्यांवर येते आणि रंग लपतो. पालथा ठेवला की चमक विझते. मग कडेनं बघायचं. आता दिसते ती थोडी पिवळसर झाक. प्रमाणपत्रावर रंग लिहिलाय 'जे'. रंगाची ही पट्टी 'डी'पासून सुरू होते; डी म्हणजे अगदी बिनरंगी, आणि पुढे झेडपर्यंत पिवळेपणा वाढत जातो.

भाच्याचा चेहरा जरा पडतो. मामा हसतो. अंगठी पिवळ्या सोन्याची करायची आहे ना? मग सोन्याचाच पिवळा रंग हिऱ्यात उतरणार. डी रंगाला दुप्पट पैसे मोजून तो पिवळ्या कोंदणात बसवायचा, म्हणजे दुधात साखर घालून वर मिठाचा खडा टाकायचा. पांढऱ्या सोन्यात किंवा प्लॅटिनममध्ये बसवायचा असता तर मामानंच वरचा रंग निवडला असता.

हे सगळं दिसतंय ते हिरा सुटा आहे म्हणून. अंगठीत बसला की त्याला तोलता येत नाही. मापं घेऊन वजनाचा अंदाज बांधावा लागतो. पालथा करता येत नाही. काठावरचा डाग नेमका प्राँगखाली, म्हणजे हिरा धरून ठेवणाऱ्या सोन्याच्या नखाखाली, गेला तर कुणालाच सांगता येत नाही. जडवलेल्या दागिन्याच्या प्रमाणपत्रावर म्हणूनच सावध भाषा असते: जडाव आहे तसा ठेवून जेवढं दिसलं तेवढं.

(जळगाव. सुभाष चौक, सराफ बाजार. भावाच्या पाट्या.)

खानदेशी माणसाला सोन्यात कुणी फसवू म्हणेल तर अवघड आहे. कापसाचे, केळीचे पैसे हाती आले की पिढ्यान् पिढ्या लोक या बाजाराची पायरी चढलेत. तोळ्याचा आजचा भाव, घडणावळ, घट, मोड घातली तर किती कापणार, हे आजीबाईसुद्धा बोटांवर मोजते. तीच आजी हिऱ्याच्या अंगठीपुढे गप्प होते, कारण तिथे एकच आकडा सांगतात: अंगठीचे इतके.

माझ्या मावशीकडे अशी एक अंगठी होती. अडचणीला मोडायला नेली, तेव्हा पेढीवरच्या माणसानं हिरे कोपऱ्यात सारले, सोनं तोललं आणि सोन्याचेच पैसे दिले. घेतानाच्या बिलावर एकच वजन होतं, हिऱ्यांसकट. म्हणजे खड्यांचं वजनही तिनं सोन्याच्या भावानं घेतलं होतं, वर खड्यांचे वेगळे पैसे होतेच. पेढीचं नाव सांगत नाही. तेव्हा बिलं अशीच व्हायची.

आता हॉलमार्क आहे. 1 एप्रिल 2023 पासून सहा अक्षर-अंकी एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा स्वतःचा ओळख क्रमांक, नसलेला हॉलमार्कचा दागिना सराफाला विकता येत नाही. पण हा शिक्का सोन्याची हमी देतो. अंगठीत बसलेल्या हिऱ्याबद्दल तो एक अक्षर बोलत नाही. ते काम प्रयोगशाळेच्या प्रमाणपत्राचं, आणि पूर्ण प्रतवारी हवी तर हिरा सुटा असलेला बरा.

48 सेंटच का? भाच्याला अर्धा कॅरट हवा होता, पन्नास. हिऱ्याचा भाव सरळ चढत नाही, पायऱ्या आहेत. पन्नासची पायरी ओलांडली की प्रत्येक सेंटचाच दर वाढतो. अर्धा कॅरटचा गोल हिरा साधारण 5.1 मिलिमीटर रुंद असतो. 48 चा त्याहून केसभर कमी. साखरपुड्याच्या मांडवात तो केस कोण मोजणार? आणि कापणी बेताची असेल तर पन्नासचा हिरा पोटात जाड आणि तोंडाला लहान निघतो. वजनाचे पैसे आपण देतो आणि ते वजन कोंदणाच्या आत बुडून राहतं. मामा म्हणतो, आधी कापणी बघा, मग वजन. घंटीवरच्या माणसाचा हा पक्षपात असेल, पण मला तो पटतो.

शेजारच्या काकू तेवढ्यात फुंकर मारून बघायला सांगतात. वाफ लगेच उडाली तर खरा. खरंच आहे, हिऱ्यातून उष्णता झटकन निघून जाते, वाफ टिकत नाही. पण प्रयोगशाळेत वाढवलेल्या हिऱ्यावरूनही ती तशीच उडते, कारण तोही कार्बनचाच, हिराच. सुरतेत आता तेही ढिगानं बनतात आणि त्यांचे भाव मधल्या काही वर्षांत खूप उतरलेत. घ्यायला हरकत नाही. फक्त खाणीतल्याचे पैसे देऊन घेऊ नये. फुंकरीनं हे कळत नाही. दुकानातल्या टेस्टरच्या साध्या पेनलाही कळत नाही. त्याला प्रयोगशाळेचंच यंत्र लागतं.

(कारागिराची माडी. खिडकीशी लाकडी ठोकळा, वर दिवा.)

आणि आता सुट्या हिऱ्याची दुसरी बाजू. जळगावच्या एका पेढीनं काम घ्यायला नकार दिला. दुसऱ्या पेढीनं घेतलं, पण आधी एक ओळ लिहून सही मागितली: खडा गिऱ्हाइकाचा, जडवताना काही झालं तर जोखीम गिऱ्हाइकाची.

आईला हे मुळीच आवडलं नाही. ऐरणीवर घण घातला तरी खरा हिरा फुटत नाही, असं तिनं कीर्तनात ऐकलंय. ऐकायला छान आहे. पण कठीण असणं वेगळं आणि चिवट असणं वेगळं. हिऱ्यावर चरा सहसा पडत नाही. मात्र त्याच्या आत फुटीच्या ठरलेल्या दिशा असतात आणि त्या दिशेनं ठोका बसला तर तो दुभंगतो. काठ फार पातळ असेल तर प्राँग दाबताना टवका उडू शकतो. पेढीवाला ही भीती घालत नसतो, त्यानं ते पाहिलेलं असतं. हिरा त्याच्याच दुकानातून घेतला असता तर तो टवका त्याचा होता. वेगळं घेण्यात जे पैसे वाचतात, त्यांतला काही भाग या जोखमीचा आहे, हे सुरतेहून पुडी आणणारे सहसा धरत नाहीत. तडजोड झाली: पेढीवाला आणि गिऱ्हाईक, दोघांनी मिळून हिरा आयग्लासखाली, म्हणजे डोळ्याला लावायच्या भिंगाखाली, पाहायचा, काठ कुठे पातळ आहे ते कागदावर मांडायचं, मग सही.

सोनं 18 कॅरटचं; हा कॅरट वजनाचा नाही, शुद्धतेचा. आईनं 22 चा आग्रह धरला होता, पण 22 कॅरट मऊ; वर्षभर भांडी घासली की प्राँग उघडतात.

कारागीर मूळचा बंगालचा, मराठी झकास. मेणाच्या कांडीच्या टोकाला हिरा चिकटवून तो उचलतो आणि खाचेवर टेकवतो. बसत नाही. काढतो, खाच किंचित कोरतो, पुन्हा टेकवतो. असं चार वेळा. मग समोरासमोरचे दोन प्राँग थोडे थोडे आत, मग उरलेले दोन. एकदम कुणालाच पूर्ण दाबत नाही.

बिलं दोन झाली. सुट्या हिऱ्यावर जीएसटी 1.5 टक्के, दागिन्यावर 3. सुरतेच्या महिधरपुऱ्यात स्कूटरच्या सीटवर पुड्या उघडून व्यवहार होतात. ओळखीत कुणी बिल मागत नाही. मामानं मागितलं, म्हणून आज ते या पिशवीत आहे.

(माडीची खिडकी. संध्याकाळचा उजेड. अंगठी.)

हिऱ्याच्या काठावर लेझरनं प्रमाणपत्राचा नंबर कोरलाय. नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. कारागिराला आधीच सांगितलं होतं, नंबर उघडा ठेव. भाचा आयग्लास डोळ्याला लावून एकेक आकडा वाचतो, आई प्रमाणपत्रावर बोट ठेवून जुळवत जाते. शेवटच्या दोन आकड्यांशी तो अडतो. प्राँगखाली गेलेत.

आई बोट तिथंच ठेवून वर बघते.

"बाकीना तं जुयनात ना?"