कॅलिबर, काडतूस आणि खांदा

अमेरिकेतील कोलोरॅडोत एल्कच्या (मोठ्या हरणाच्या) शिकारीला जाण्याचे ठरवलेले मराठी मित्र मला हमखास एकच प्रश्न विचारतात, ‘कोणते कॅलिबर घेऊ?’ भारतात वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे आणि ती योग्यच आहे. पण त्यामुळे हे ज्ञान आपल्याकडे घरातून आलेले नसते, आणि दुकानात उभा राहिलेला माणूस सर्वांत दांडगी रायफल उचलतो. मीही तीच उचलली होती.

मुळात कॅलिबर म्हणजे नळीचा व्यास. ‘.३०८ विंचेस्टर’, ‘.३०-०६ स्प्रिंगफील्ड’ आणि ‘.३०० विंचेस्टर मॅग्नम’ या तिन्हींची गोळी ०.३०८ इंच व्यासाचीच असते. फरक पडतो तो पितळी कवचात मावणाऱ्या दारूमुळे: पहिल्यात साधारण ४५ ग्रेन (ग्रेन हे दारू आणि गोळी मोजायचे बारीक वजन), मॅग्नममध्ये सत्तरच्या आसपास. ही जास्तीची दारू गोळीला वेग देते, पण त्याची किंमत खांद्याला मोजावी लागते.

माझी पहिली रायफल मॅग्नम होती आणि शंभर यार्डांवरसुद्धा माझ्या गोळ्या खाली विखरून पडत. एका जाणत्या मित्राने मला न सांगता मॅगझिनमध्ये एक डमी, म्हणजे न उडणारे, काडतूस मिसळले. मी चाप ओढला, नुसते ‘टक्’ झाले, आणि तरीही नळीचे तोंड चांगले चार बोटे खाली गेले. डोळे तर मी आधीच मिटलेले होते. धक्क्याच्या भीतीने शरीर गोळी सुटण्याआधीच आकसत होते. ती रायफल विकून मी ‘६.५ क्रीडमूर’ काडतुसाची रायफल घेतली; यातले ६.५ हे इंचात नव्हे, मिलिमीटरमध्ये आहे.

हे काडतूस २००७ मध्ये हॉर्नाडी कंपनीने लांब पल्ल्याच्या नेमबाजीसाठी आणले. त्याची सुमारे १४० ग्रेनची गोळी लांबट आणि निमुळती असल्याने हवेत वेग कमी गमावते आणि वारा तिला कमी ढकलतो. ‘.३०८’ची १६८ ग्रेनची नेहमीची स्पर्धेची गोळी हजार यार्डांच्या आसपास ध्वनीच्या वेगाजवळ येते आणि तिथे डळमळू लागते. क्रीडमूरची गोळी तेवढ्या अंतरावर त्या वेगाच्या बरीच वर असते. लक्ष्य कागदाचे असेल, तर एवढ्यावर निवड करता येते, कारण कागदाला फक्त भोक पडायचे असते.

जनावराच्या बाबतीत मात्र गोळी आत जाऊन उमलली, म्हणजे पसरून रुंद झाली, पाहिजे, नाहीतर ते जखमी होऊन मैलोन्‌मैल जाते आणि कुठेतरी तडफडत मरते. बऱ्याच शिकारी गोळ्यांना उमलण्यासाठी सेकंदाला सुमारे १८०० फूट वेग लागतो. २७०० फुटांनी निघालेली क्रीडमूरची १४३ ग्रेनची शिकारी गोळी ५०० यार्डांवर दोन हजारांच्या आसपास उतरलेली असते. म्हणजे जी रायफल हजार यार्डांवर पोलादी पाटी वाजवते, तिचा शिकारीचा पल्ला त्याहून बराच कमी. कोलोरॅडोचा नियम एल्कसाठी किमान .२४ कॅलिबर, ८५ ग्रेनची गोळी आणि शंभर यार्डांवर १००० फूट-पौंड ऊर्जा मागतो. क्रीडमूर त्यात सहज बसते. स्वीडनमध्ये तर ‘६.५×५५’ या जुन्या काडतुसाने शतकाहून अधिक काळ मूसची (एल्कहूनही मोठ्या हरणाची) शिकार होत आली आहे. मधल्या अंतरासाठी ‘.३०८’ किंवा ‘.३०-०६’ घेतली, तरी काहीच बिघडत नाही, आणि त्यांची काडतुसे आडगावच्या दुकानातही मिळतात.

पल्ला ठरवताना मी कागदी ताटली टांगतो, थोडे धावून येतो आणि धाप लागलेली असतानाच पाठपिशवीवर नळी टेकवून पाच गोळ्या झाडतो. पाचही ताटलीत बसतील ते अंतर माझे. आज ते ३०० यार्ड आहे. गेल्या मोसमात साडेचारशेवर उभा असलेला नर एल्क मी दुर्बिणीतून नुसता पाहत राहिलो.

उद्या सकाळी रेंजवर येणाऱ्यांनी आपापली रायफल आणि काडतुसे आणावीत. डमी मी आणतो, आणि ती कोणाच्या मॅगझिनमध्ये कितव्या जागी आहे, हे सांगणार नाही.