कूलरखालची जागा

[दृश्य: नागपूरच्या महाल भागातली अरुंद गल्ली. मे महिना, दुपारचे तीन. फक्त कूलरचा आवाज.]

नागपुरात या वेळेला रस्त्यावर माणूस दिसत नाही. कुत्रीही दिसत नाहीत. त्यांना शोधायचं तर खिडकीतल्या कूलरखाली वाकून बघावं लागतं. पारा ४५च्या वर गेलेला असतो. ताट्यांमधून झिरपलेलं पाणी खाली ठिबकतं, तिथली माती ओली होते, आणि ती उकरून कुत्रं पोट टेकवतं. घाम येतो तो त्याला फक्त तळपायांना. बाकी अंग थंड करायचं तर जीभ बाहेर काढून धापा टाकायच्या, नाहीतर असा चिखल शोधायचा.

ही धोंडी. हिला घर आहे. आत, कूलरच्या अगदी समोर, हिच्यासाठी घडी घातलेली सतरंजी आहे. तरी दुपार झाली की ही बाहेर, दोन घरांमधल्या सांदवाडीतल्या चिखलात.

[दृश्य: धोंडीच्या डाव्या कानाचा काप.]

कानाला हा काप दिसतो ना, ती नसबंदी झाल्याची खूण. म्हणजे आमच्याआधीही कोणीतरी हिला उचललं होतं, ऑपरेशन करून परत गल्लीत सोडलं होतं. आमच्या दाराशी आली ती पावसाळ्यात. हिरड्या पांढऱ्या, नाकातून रक्त, कानांत गोचिडांचे घोस. रिक्षात घालून सेमिनरी हिल्सला नेलं, पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या दवाखान्यात. १९५८पासून चालू असलेलं हे कॉलेज, पण आमच्या घरातलं कोणी त्याआधी तिथं कधी पाऊल ठेवलं नव्हतं. निदान झालं गोचीडतापाचं. गोचीड चावते तेव्हा तिच्यातले जंतू रक्तात शिरतात, प्लेटलेट्स घटतात, मग रक्त थांबत नाही.

आजी म्हणाली, "घरात नको आणू बापा तिले. अंगणात राहू दे." आणि मग, जरा वेळानं, "जगली तर धोंडी म्हणू." पूर्वी पोरं जगत नसली की दगडू, धोंडू नावं ठेवायचे. नावच दगडाचं, कोण न्यायला येतंय!

औषध २८ दिवसांचं, डॉक्सिसायक्लिन. गोळी दह्याभातात दडवायची असं आम्ही ठरवूनच टाकलं होतं. डॉक्टर म्हणाले, दूध-दही नाही, त्यातल्या कॅल्शियमनं औषध अंगी लागत नाही. मग उकडलेलं अंडं. ही बया अंडं खायची आणि गोळी स्वच्छ चाटून बाजूला ठेवायची. खरी लढाई तर भिंतींशी होती. गोचीड कुत्र्याच्या अंगावर जेवते, पण अंडी घालते ती भिंतीच्या फटींत, आणि एकेक मादी हजारांवर घालते. जुनं घर, मातीच्या भिंती, फटींना काय तोटा! आजोबांनी सिमेंट कालवून एकेक फट बुजवली. कुत्रं नको म्हणणाऱ्यांत तेही होते.

[दृश्य: दिवाणाखालचा अंधार. दोन डोळे.]

कुत्री सांभाळणारे लोक एक हिशेब सांगतात. नव्या जागेत बुजायला तीन दिवस, सरावायला तीन आठवडे, घर आपलं वाटायला तीन महिने. धोंडीनं तीन दिवसांचाच महिना केला. दिवाणाखालून बाहेर यायची ती फक्त रात्री, आम्ही झोपल्यावर. पट्टा दिसला की अंग चोरायची.

तिला घर मिळालं, असं सगळे म्हणत होते. मला मात्र ते दारात बसलेलं कुत्रं बघून वेगळंच वाटायचं. बडकस चौकापासून आमच्या गल्लीपर्यंतचा सगळा मुलूख हिचा होता. कोणत्या ठेल्यावर पोह्याची प्लेट खाली पडते, कोणता माणूस दगड मारतो, सगळं पाठ. आता तिला चार भिंती आणि एक दिवाण. तिच्याच टोळीतली कुत्री पहिल्यांदा तिच्यावर भुंकली, तेव्हा ती उलट भुंकली नाही. आत आली आणि पहिल्यांदाच, दिवाणाखाली न जाता, आजीच्या खाटेशी बसली.

[दृश्य: स्वयंपाकघर. सावजी रस्सा उकळतोय.]

रविवारी आमच्याकडे सावजी असतं. शेजारच्या काकू प्रेमानं उरलेला रस्सा, हाडं घेऊन येतात. त्यांना नाही म्हणणं हे या घरातलं सगळ्यात अवघड काम आहे. तिखटाचं सोडा, पण कांदा-लसणानं कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. शिजलेलं हाड चिरफाळतं आणि आतडं फाडू शकतं. धोंडीला भात, अंडं, बिनमिठाचं चिकन. काकू म्हणतात, "आजारी माणसाचं जेवण देऊन राहिले तुम्ही तिले!"

ऑक्टोबर २०२२मध्ये उच्च न्यायालयाच्या इथल्याच खंडपीठानं म्हटलं होतं, भटक्या कुत्र्यांना खाऊ घालायचं असेल तर दत्तक घ्या, घरी न्या. पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयानं ते थांबवलं. त्या दिवसांत गल्लीत कडाक्याची भांडणं झाली. ज्यांच्या पोरांना कुत्रं चावलंय त्यांचा राग मला खोटा वाटत नाही. म्हणून धोंडीच्या रेबीजच्या लशीचं कार्ड विजेच्या बिलांसोबत खिळ्याला टांगलेलं असतं. दरवर्षी तारीख बदलते, कोणीही येऊन बघावं. पण हुकमानं कुत्रं घरी आलं असतं, तर त्या फटी कोणी बुजवल्या असत्या?

[दृश्य: मारबतीची मिरवणूक. ढोल-ताशे.]

पोळ्याचा दुसरा दिवस. काळी आणि पिवळी मारबत, म्हणजे मोठाले पुतळे, मिरवत निघतात, इडापीडा घेऊन जायला सांगत सगळा महाल रस्त्यावर उतरतो. आजीनं आजवर एकही मिरवणूक चुकवली नव्हती. हल्ली ती खिडक्या लावून, पंखा पाचवर ठेवून, दिवाणाशेजारी जमिनीवर बसते. हात दिवाणाखाली.

[दृश्य: पुन्हा मे. आजी बादलीनं कूलर भरतेय.]

मागच्या उन्हाळ्यात आजोबांनी कूलरची गळती दुरुस्त केली. ठिबकणं थांबलं, सांदवाडीतली माती कोरडी पडली. आजी आता कूलर भरताना बादली जरा तिरकी धरते. अर्धं पाणी आत, अर्धं खाली. आजोबा ओरडतात, "सांडून राहिलं ना!"

"सांडू द्या," आजी म्हणते.