घर आधी, मशीन नंतर: कूलर, एसी आणि आपला स्लॅब

(परभणीतल्या उन्हाळी व्याख्यानमालेतील भाषणाचे संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. जगात जर्मनी आणि भारतात परभणी, असं आपण मोठ्या तोऱ्यात सांगतो. माझ्या धंद्यापुरतं बघाल तर दोन्हीकडचं काम नेमकं उलटं आहे. जर्मनीतला मेकॅनिक घरात ऊब टिकवण्यासाठी धडपडतो आणि आपल्याकडचा मार्चपासून जूनपर्यंत ती बाहेर हाकलत बसतो. मी आयटीआयमध्ये रेफ्रिजरेशन आणि एअर कंडिशनिंगचा ट्रेड शिकवतो. त्यामुळे लग्नात भेटो की भाजीबाजारात, माणसं मला एकच विचारतात : सर, किती टनाचा एसी घेऊ? मी विचारतो, तुमच्या खोलीच्या वर काय आहे? वर उघडा स्लॅब असेल तर टनाचं गणित नंतर करू. आधी तो स्लॅब बघू.

आपल्याकडच्या घराचा स्लॅब साधारण पाच इंची असतो. दिवसभर तो ऊन पितो, पण ती उष्णता खालच्या बाजूला पोहोचायला काही तास लागतात. म्हणून दुपारी दोनला खोली जेवढी तापलेली नसते, तेवढी रात्री आठला तापते. बाहेर अंगणात वारा सुटलेला असतो, माणसं ओट्यावर गप्पा मारत असतात आणि आत पाऊल टाकलं की छतातून धग येते. पंखा लावला तर तो छताखालचीच गरम हवा खाली ढकलतो. मग माणूस म्हणतो, दीड टनाचा एसी आहे तरी खोली गार कामून होत नाही? अहो, एसी हवा गार करतोय, पण डोक्यावरचा काँक्रीटचा पाट रात्री अकरापर्यंत खाली उष्णता सोडतोय.

आपले आजे-पणजे माळवदात राहिले. दोन हात जाडीच्या दगडमातीच्या भिंती, वर लाकडी तुळया, त्यावर हातभर माती आणि उजेडाला, धुराला छतात ठेवलेलं भोक, म्हणजे सानं. अशा घरात वैशाखातही दुपारी झोप लागायची. आता कुणीही जुन्या घरांचं कौतुक सुरू केलं की मी थोडा सावध होतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला काय झालं ते इथल्या पन्नाशीपुढच्या प्रत्येकाला आठवतं. आदल्या दिवशी गणपती बोळवून माणसं झोपली होती. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. त्यातली बहुतेक त्या जाड भिंतींखाली आणि त्या हातभर मातीखाली गेली. त्यानंतर मराठवाड्याने माळवदाची धास्ती घेतली आणि स्लॅब किंवा पत्रा जवळ केला. ते बरोबरच होतं. जीव वाचवणारं छत आपण निवडलं, पण ते तापतं याचा हिशेब मात्र कुणी केला नाही. तो आता विजेच्या बिलात होतो.

तर मग स्लॅबचं काय करायचं? ऊन आत शिरू द्यायचं आणि मग मशीनने बाहेर काढायचं, यापेक्षा ते गच्चीवरच परतवणं स्वस्त पडतं. पांढरा पृष्ठभाग ऊन परतवतो. सगळ्यांत साधा उपाय चुन्याचा : फेव्हिकॉलसारखं काही बंधक घालून दोन हात द्यायचे, दरवर्षी होळीच्या आसपास. पावसात तो धुतला जातो, म्हणून दरवर्षी. थोडे जास्त पैसे असतील तर छतासाठीचा खास पांढरा रंग मिळतो. घर बांधतानाच विचार केला तर पांढऱ्या फुटक्या टाइल्सची चायना मोझेक फरशी, ती वर्षानुवर्षं टिकते. मात्र दोन गोष्टी सांभाळा. गच्चीवर आधीच गळती असेल तर ती आधी दुरुस्त करा, चुना ओल थांबवत नाही. आणि धूळ बसली की पांढरं छत राखाडी होतं, तेव्हा झाडू मारत राहा. शेजारच्या तेलंगणाने २०२३ मध्ये थंड छतांचं सरकारी धोरणच जाहीर केलं. नांदेडहून सीमा किती लांब आहे? ऊन दोन्हीकडे सारखंच.

चुन्याला नको म्हणणारे शेडनेट बांधतात. तेही चालतं, फक्त जाळी स्लॅबला चिकटवू नका. खालून वारा खेळला पाहिजे, म्हणून माणूस उभा राहील एवढी उंच बांधा आणि वावटळीत उडणार नाही अशी घट्ट. संध्याकाळी गच्चीवर पाणी शिंपडण्याचाही उपयोग होतो. संभाजीनगरची पाणचक्की बघायला जाल तेव्हा चक्की बघून लगेच परतू नका. तिथल्या मोठ्या हौदाच्या खाली दालन आहे. हौदाचा तळ हेच त्या दालनाचं छत. उन्हाळ्यात यात्रेकरूंना त्याच्या गारव्यात बसता यायचं. डोक्यावरचं छत गार ठेवा, हे त्या बांधणाऱ्यांना पक्कं कळलं होतं. आज कुणी छतावर हौद बांधा म्हणणार नाही, पाणी आहे कुठे?

पाण्यावरून कूलरकडे येतो, कारण मराठवाड्याचं खरं मशीन तेच आहे. कूलरचं गणित फार सुंदर आहे. एक लिटर पाणी वाफ होऊन उडतं तेव्हा ते हवेतून विजेच्या पाऊण युनिटापेक्षा थोडी कमी उष्णता ओढून घेतं. म्हणजे तासाला पाच लिटर पाणी उडालं तर एक टनाच्या एसीएवढं काम झालं, आणि तेही पंखा नि पंप मिळून दीड-दोनशे वॅटमध्ये! अट एकच : हवा कोरडी हवी. मे महिन्यात बाहेर ४२ अंश आणि आर्द्रता १५ टक्के असेल तर चांगला कूलर २६-२७ अंशांची हवा देतो. हाच कूलर जूनच्या शेवटी, बाहेर ३४ अंश आणि आर्द्रता ६० टक्के असताना, जेमतेम २९ पर्यंत येतो आणि खोलीत वर दमटपणा भरतो. अंग चिकट होतं, बिछाना ओला वाटतो. मग लोक म्हणतात, कूलर बिघडला. बिघडला नाही बाप्पा, हवा बदलली. पाऊस पडू लागला की पंप बंद करा आणि नुसता पंखा चालवा.

आणखी एक गोष्ट जवळजवळ प्रत्येक घरात उलटी दिसते : कूलर लावला की दारं-खिडक्या गच्च बंद. एसीला ते बरोबर, कूलरला घातक. कूलर बाहेरची ताजी हवा ओढून आत ढकलतो, त्या हवेला बाहेर जायला वाट हवी. समोरची खिडकी वीतभर उघडी ठेवा. कूलर खोलीच्या आत ठेवून चालवणं म्हणजे तीच ओली हवा पुन्हा पुन्हा ओली करणं. तो खिडकीत बसवा, पाठ बाहेर. शक्यतो सावलीच्या बाजूला.

पाण्याचं दुखणं मात्र आहेच. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, पहिल्या गाडीत पाच लाख लिटर. त्या उन्हाळ्यात कूलर भरा असं लातूरकराला सांगायची कुणाची छाती होती? आजही टँकर घेणाऱ्या घरात दिवसाला पन्नास लिटरचा कूलर परवडत नाही. आणि बोअरचं पाणी म्हटलं की क्षार आले. पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात. गवतावर पांढरा थर धरतो, हवा अडते, पंप जाम होतो. टाकीतलं पाणी नुसतं वरून भरत राहू नका, आठवड्यातून एकदा पूर्ण काढून टाका आणि आतल्या कडा ब्रशने घासा. घासायचं कारण वेगळंही आहे. डेंगीचा एडिस डास पाण्याच्या काठाला, टाकीच्या भिंतीला अंडी चिकटवतो आणि ती कोरड्यातही कित्येक महिने तग धरतात. नुसतं पाणी ओतून दिलं तर पुढच्या वेळी भरल्यावर ती फुटतात.

शॉकबद्दल मी जरा रागाने बोलतो, माफ करा. दर उन्हाळ्यात पेपरात बातमी असते : कूलरमध्ये पाणी भरताना शॉक लागून मृत्यू. बहुतेक वेळा बाई किंवा लेकरू. पत्र्याचा कूलर, आतला जुना पंप, टेप गुंडाळलेली वायर आणि तीन पिनांच्या प्लगची अर्थिंगची पिन तोडून टाकलेली, कारण सॉकेट दोन पिनांचं. पाणी भरण्याआधी प्लग काढा, नुसतं बटन बंद करणं पुरेसं नाही. घराला अर्थिंग खरोखर आहे का ते वायरमनकडून मोजून घ्या आणि मीटरजवळ ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच, बसवा. कूलर नवा घेण्याआधी हे करा. याला मी विषयांतर मानत नाही.

आता एसी. पेटीवर लिहिलेली क्षमता बाहेर ३५ अंश असताना मोजलेली असते. आपल्याकडे मे महिन्यात पारा त्याच्या किती वर जातो ते तुम्ही जाणताच. बाहेर जेवढं जास्त तापेल तेवढं मशीन कमी थंड करतं आणि जास्त वीज खातं. म्हणून बाहेरचं युनिट पश्चिमेच्या भिंतीला, पत्र्याखाली कोंडून बसवू नका. त्याला डोक्यावर सावली हवी, पण समोर मोकळी जागाही हवी. खोलीत २४ अंशांवर ठेवा, वर पंखा चालू द्या. २०२० पासून नवे एसी कारखान्यातूनच २४ वर लावून येतात. अठरावर ठेवल्याने खोली लवकर गार होते हा समज खोटा आहे, ती फक्त जास्त वेळ गार होत राहते.

आणि गॅस. मेकॅनिक येतो, झाकण उघडतो, म्हणतो गॅस संपला. गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही मंडळी, तो बंद नळ्यांमधून फिरत राहतो. कमी झाला असेल तर कुठेतरी गळतोय. गळती न शोधता गॅस भरला तर पुढच्या वर्षी तुम्ही पुन्हा तेच पैसे देणार. म्हणून चार प्रश्न विचारा : गळती कुठे आहे? नायट्रोजन भरून दाब तपासला का? नळ्यांतली हवा ओढून काढायला व्हॅक्युम पंप लावणार का? आणि गॅस काट्यावर मोजून भरणार का? किती ग्रॅम भरायचा ते मशीनच्या पट्टीवर लिहिलेलं असतं. कॉइलवर बर्फ धरला म्हणजे गॅसच कमी असंही नाही, धुळीने बंद झालेल्या फिल्टरनेही बर्फ धरतो. फिल्टर पंधरा दिवसांतून तुम्ही स्वतः धुऊ शकता. तसंच युनिट नुसतं घुमतं आणि चालू होत नाही, तेव्हा कंप्रेसर गेला म्हणून हजारोंचा आकडा ऐकण्याआधी कॅपॅसिटर तपासायला सांगा. तो काहीशे रुपयांचा भाग आहे आणि आपल्याकडे तो जाण्याचं प्रमाण फार. दुपारी डीपीवर, म्हणजे गल्लीच्या ट्रान्सफॉर्मरवर, लोड येतो, व्होल्टेज बसतं, त्याचा भार कॅपॅसिटरवर आणि कंप्रेसरवर येतो. व्होल्टेज असं खाली-वर होत असेल तर स्टॅबिलायझरवर काटकसर करू नका. माझेच विद्यार्थी या धंद्यात आहेत, बहुतेक सरळ आहेत, पण मेमध्ये एकेकाला दिवसाला वीस कॉल असतात आणि घाईत गॅस भरणं सोपं पडतं. सर्व्हिसिंग फेब्रुवारीत करून घ्या, तेव्हा त्यांना वेळ असतो.

हिवाळ्याबद्दल दोनच वाक्यं. परभणीत पारा कधी पाचाच्या खाली उतरतो तेव्हा बंद खोलीत शेगडी पेटवून झोपू नका, आणि बाथरूममध्ये गॅसचा गिझर बसवू नका. त्यातून येणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला वास नसतो, तो नाकाला कळतच नाही.

एका ताईंनी चिठ्ठी पाठवली आहे : भाड्याचं घर, वरचा मजला, मालक गच्चीला हात लावू देत नाही, काय करू? ताई, मालकाला सांगा की चुन्याचा खर्च मी देते, बहुतेक मालक तेवढ्यावर तयार होतात. नाहीच झाले तर पश्चिमेच्या खिडकीला बाहेरून पडदा लावा, आतून नको. ऊन काचेतून आत आल्यावर पडद्याचा फारसा उपयोग उरत नाही. गोणपाट असलं तरी चालेल. पहाटे चार ते सात सगळ्या खिडक्या उघड्या टाका आणि आठच्या आत बंद करा. दुपारी कूलर लावाल तेव्हा मात्र सावलीच्या बाजूची एक खिडकी वीतभर उघडी राहू द्या.