एकही मॅच न खेळलेला पोरगा

नमस्कार मंडळी. जुलै आला की अमेरिकेतल्या बेसबॉलवाल्यांच्या डोक्यात एकच विषय असतो, ट्रेड, म्हणजे टीम्समधली खेळाडूंची अदलाबदल. साधारण महिनाअखेरीला डेडलाइन असते, त्याच्या आत कोणाला घ्यायचं कोणाला द्यायचं ते उरकावं लागतं, त्यामुळे रोज नवी नावं आणि रोज नव्या अफवा. मी शिकागो व्हाइट सॉक्सची फॅन आहे, साउथ साइडची टीम, रेड लाइनने ३५व्या स्ट्रीटला उतरलं की चालत पाच मिनिटांवर मैदान. आणि आमच्यात ट्रेडचा विषय निघाला की कोणीतरी एक नाव घेतंच आणि मग सगळे गप्प होतात. फर्नांडो तातीस ज्युनिअर. आज त्याच्यावरच बोलणार आहे. ज्यांना बेसबॉलमधलं काही कळत नाही त्यांनीही थांबा, लागेल तिथे सांगत जाईन.

तारीख ४ जून २०१६. व्हाइट सॉक्सने सॅन डिएगो पाड्रेसकडून जेम्स शील्ड्स हा ३४ वर्षांचा पिचर, म्हणजे बॉल टाकणारा, घेतला आणि बदल्यात दोघांना दिलं. एक एरिक जॉन्सन नावाचा पिचर, आणि दुसरा डोमिनिकन रिपब्लिकमधला १७ वर्षांचा शॉर्टस्टॉप, म्हणजे सेकंड आणि थर्ड बेसच्या मधे उभा राहणारा फील्डर. हाच तो तातीस ज्युनिअर. हा दुसरा पोरगा व्हाइट सॉक्सच्या कुठल्याच टीमकडून, अगदी खालच्यातल्या खालच्या टीमकडूनही, एकही अधिकृत मॅच खेळलेला नव्हता. आदल्या वर्षी ७ लाख डॉलर्स देऊन त्याला साइन केलं होतं, तिकडच्या पोरांना ड्राफ्ट, म्हणजे टीम्सनी पाळीपाळीने खेळाडू निवडणं, वगैरे नसतो, सोळा वर्षांचे झाले की थेट करार होतो. पोरगा सराव करत होता, लीग सुरू व्हायची वाट बघत होता, आणि तेवढ्यात त्याला सांगितलं की तू आता आमचा नाहीस.

बातमी आली तेव्हा आमच्या घरात सगळ्यात आधी माझ्या नवऱ्याने मान वर केली, म्हणाला, "त्या तातीसचा मुलगा का गं?" कारण वडिलांचं नाव बेसबॉल बघणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. फर्नांडो तातीस सीनिअर, २३ एप्रिल १९९९, सेंट लुईस कार्डिनल्सकडून लॉस एंजेलिसमध्ये खेळताना एकाच इनिंगमध्ये (मॅचमध्ये अशा नऊ असतात) दोन ग्रँड स्लॅम मारले. ग्रँड स्लॅम म्हणजे तिन्ही बेसवर माणसं असताना होमरन, बॉल थेट कुंपणापलीकडे, एका फटक्यात चार धावा. तेही दोन्ही वेळा समोर एकच पिचर, चान हो पार्क. असं मेजर लीगमध्ये त्याआधी कोणी केलं नव्हतं आणि त्यानंतरही कोणी केलेलं नाही. ज्युनिअर तेव्हा चार महिन्यांचाही नव्हता.

आता हे असले पोरगे टीमसाठी एवढे मोलाचे का असतात ते सांगते. मेजर लीगच्या खाली मायनर लीगच्या पायऱ्या असतात, रुकी, सिंगल ए, डबल ए, ट्रिपल ए, आणि पोरं चार-पाच वर्षं त्या चढत वर येतात. वर आल्यावर साधारण सहा सीझन तो खेळाडू त्याच टीमचा असतो, आणि सुरुवातीची वर्षं तर जवळजवळ किमान पगारावर. म्हणजे पोरगा चांगला निघाला तर टीमला वर्षानुवर्षं स्वस्तात स्टार मिळतो, आणि आपल्यासारख्यांना तो लहानाचा मोठा होताना बघायला मिळतो. मायनरमधली पोरं म्हणजे हरणाऱ्या टीमच्या फॅनकडे असलेली एकमेव पुंजी हो, बाकी काय असतं आमच्याकडे. आणि ट्रेडमध्ये त्या पोराला कोणी विचारत नाही. आयपीएलमध्ये ट्रेड करायचा तर खेळाडूची संमती लागते, इथे नकार द्यायचा हक्क आपोआप मिळतो तो मेजर लीगमध्ये दहा वर्षं झाल्यावर आणि त्यातली शेवटची पाच एकाच टीमकडे असतील तर. १७ वर्षांच्या मुलाने फक्त बॅग भरायची.

बरं, व्हाइट सॉक्सला एवढी घाई का झाली? त्या वर्षी सुरुवात झकास झाली होती, २३ विजय आणि १० पराभव, मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही सगळे हवेत होतो. २००५ ला वर्ल्ड सिरीज, म्हणजे मेजर लीगचं विजेतेपद, जिंकलो होतो आणि २००८ नंतर प्लेऑफमध्ये गेलोच नव्हतो, त्यामुळे भूक होती, ती मला पूर्ण मान्य आहे, मलाही होती. पण त्याच मे महिन्यात घसरण सुरू झाली. कॅन्सस सिटीतली ती मॅच अजून डोळ्यासमोर आहे, नवव्या इनिंगमध्ये ७-१ असे पुढे होतो, तीन आउट काढायचे फक्त, आणि ८-७ हरलो. घरात कोणी टीव्ही बंद करायलाही उठलं नाही. तर टीम अशी गडगडत असताना फ्रंट ऑफिसने, म्हणजे टीम चालवणाऱ्या मॅनेजमेंटने, ठरवलं की नाही, ती सुरुवात हीच खरी टीम, फक्त एक पिचर कमी आहे. हुरळली मेंढी लागली लांडग्याच्या पाठी, दुसरं काय.

शील्ड्सबद्दल वाईट बोलणार नाही. २००७ ते २०१५ सलग नऊ सीझन त्याने २०० च्या वर इनिंग टाकल्या, खांदा झिजवणारं काम आहे ते, फार थोड्यांना जमतं. पण ट्रेडच्या चारच दिवस आधी, ३१ मेला, सिअ‍ॅटलमध्ये त्याने तीन इनिंगसुद्धा पूर्ण न करता १० धावा दिल्या होत्या, आणि पाड्रेसच्या मालकाने त्यावर जाहीरपणे तोंडसुख घेतलं होतं. ज्याचा मालकच त्याच्यावर असा उखडलाय तो पिचर स्वस्तात मिळायला हवा ना? आणि पैशाच्या बाबतीत मिळालाही, त्याच्या पगाराचा मोठा वाटा पाड्रेसच भरणार होते. इथेच खरी मेख आहे. पगार आम्ही पाड्रेसवाले भरतो, त्याबदल्यात तुमचं ते लहान पोरगं द्या, असा तो हिशोब. म्हणजे व्हाइट सॉक्सने पैसे वाचवले आणि तातीस देऊन किंमत चुकवली.

शील्ड्स शिकागोत आला, पहिल्याच मॅचमध्ये वॉशिंग्टनविरुद्ध दोन इनिंगमध्ये सात धावा गेल्या. सीझन संपला तेव्हा आमच्याकडून त्याचे ४ विजय, १२ पराभव, आणि ईआरए ६.७७, म्हणजे दर नऊ इनिंगमागे जवळजवळ सात धावा. दोन्ही टीम मिळून वर्षभरात त्याच्या बॉलवर ४० होमरन बसले. टीमचा रेकॉर्ड ७८-८४. प्लेऑफ दूरच राहिला. तो पुढे आणखी दोन वर्षं आमच्याकडे राहिला, २०१८ मध्ये तर परत २०० च्या वर इनिंग टाकल्या, कोवळ्या पिचरांना सांभाळून घेतलं, इमानदारीत काम केलं त्याने. माझा राग त्याच्यावर कधीच नव्हता.

लोक म्हणतात, अगं ट्रेड म्हटला की असं व्हायचंच, कधी जिंकतो कधी हरतो. मग मी त्यांना त्याच उन्हाळ्यातला, त्याच शहरातला दुसरा ट्रेड सांगते. जुलै २०१६, नॉर्थ साइडच्या कब्सने ग्लेबर टोरेस हा १९ वर्षांचा शॉर्टस्टॉप यँकीजना दिला आणि अरोल्डिस चॅपमन हा तुफान वेगाचा पिचर घेतला. टोरेस पुढे यँकीजकडून दोनदा ऑल-स्टार झाला, म्हणजे पोरगा अस्सलच होता. पण कब्स त्या वर्षी १०३ मॅचेस जिंकले आणि नोव्हेंबरमध्ये वर्ल्ड सिरीज घेतली, १०८ वर्षांनी. टोरेससाठी हळहळणारा कब्सचा फॅन मला आजवर भेटलेला नाही. म्हणजे कोवळं पोरगं देणं हाच गुन्हा आहे असं मी म्हणतच नाहीये, तुम्ही कुठे उभे आहात ते बघून द्या ना. कब्स कळसाशी होते. आम्ही गडगडत होतो, आणि गडगडताना हातातलं सोन्यासारखं फेकून दिलं.

आणि त्याहून जिव्हारी लागलेलं पुढेच आहे. डिसेंबर २०१६, म्हणजे सहाच महिन्यांनी, त्याच फ्रंट ऑफिसने, जनरल मॅनेजर रिक हानच तेव्हाही, आमचा स्टार पिचर क्रिस सेल बॉस्टनला दिला, अ‍ॅडम ईटन वॉशिंग्टनला दिला, आणि जाहीर केलं की आता रीबिल्ड, आता आम्ही तरुण पोरं गोळा करणार! जूनमध्ये १७ वर्षांचा पोरगा नको होता आणि डिसेंबरमध्ये सगळ्या देशभर तसलीच पोरं मागत फिरत होते. सहा महिने कळ काढली असती तर त्यातला सगळ्यात भारी पोरगा आधीच घरात होता.

२०१७ च्या उन्हाळ्यात आम्ही त्याला बघायला गेलो, फोर्ट वेनला, इंडियानात. पाड्रेसची तेव्हाची सिंगल ए टीम तिथे आहे, टिनकॅप्स, आणि शिकागोजवळच्या नेपरव्हिलहून गाडीने साडेतीन-चार तास लागतात, वर तिकडे घड्याळ एक तास पुढे, त्यामुळे डबे गाडीतच खात गेलो. छोटंसं छान मैदान आहे, गावाच्या मधोमध, खेळाडू इतके जवळ की त्यांचं बोलणं ऐकू येतं. तर हा शॉर्टस्टॉपला उभा, उंच, काटकुळा, लांबच लांब हात, पँट जरा सैलच. तिसऱ्या की चौथ्या इनिंगमध्ये एक बॉल थर्ड बेस आणि त्याच्या मधल्या गॅपमध्ये गेला, गेलाच म्हणायचा असा. हा उजवीकडे चार ढांगा टाकत गेला, बॉल उलट्या हाताने उचलला, थांबायला वेळच नव्हता, शरीर अजून लेफ्ट फील्डकडे वाहत चाललंय आणि त्याच अवस्थेत हात मागून पुढे आला. बॉल जमिनीला न टेकता फर्स्ट बेसमनच्या ग्लव्हमध्ये फाटकन बसला. रनर एक पाऊल मागे. माझा मुलगा तेव्हा शाळकरी होता, सॉक्सची टोपी घालून आलेला, त्याने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "आई, हा आपला होता?" मला काही बोलताच आलं नाही.

त्या सीझनमध्ये सिंगल एला त्याने २१ होमरन मारले, २९ बेस चोरले, म्हणजे पिचरची नजर चुकवून पळत पुढचा बेस गाठला. वय १८.

आता मुख्य मुद्द्यावर येते, कारण यावर माझे मित्रमैत्रिणींशी कायम वाद होतात. ते म्हणतात, कोणाला माहीत होतं गं तेव्हा? कुठल्या यादीत वरच्या नंबरात नव्हता, आणि शॉर्टस्टॉपला आपल्याकडे टिम अँडरसन तयार होता, त्या ट्रेडनंतर आठवड्याभरातच मेजर लीगमध्ये आला आणि २०१९ मध्ये बॅटिंगचं टायटलही जिंकला, म्हणजे त्याच्या लीगमधली सगळ्यात जास्त सरासरी. सगळं खरं आहे. पण "माहीत नव्हतं" ही सबब मला पटत नाही. माहीत नव्हतं म्हणूनच द्यायला नको होतं! खेळताना बघितलेला पोरगा विकलात आणि अंदाज चुकला तर मी समजू शकते, बेसबॉलमध्ये अंदाज चुकतातच. पण ज्याची एकही मॅच झाली नाही त्याची किंमत तुम्ही लावली कशी? मोहोर यायच्या आधीच कलम विकून टाकल्यासारखं झालं ते. आणि समोर बसला होता पाड्रेसचा जनरल मॅनेजर ए. जे. प्रेलर, जो लॅटिन अमेरिकेतल्या पोरांवर बारीक नजर ठेवण्यासाठीच ओळखला जातो. तो माणूस जेव्हा एवढ्या लांबच्या, अनोळखी पोराचं नाव घेऊन मागतो तेव्हा तरी थबकायला हवं होतं, की बाबा याने असं काय बघितलंय जे आपण बघितलं नाही.

पुढचं तर जगाला माहीत आहे. २८ मार्च २०१९, सीझनचा पहिलाच दिवस, २० वर्षांचा तातीस सॅन डिएगोकडून मेजर लीगमध्ये उतरला. त्या वर्षी दुखापतीमुळे ८४च मॅचेस खेळला तरी बॅटिंगची सरासरी .३१७, म्हणजे साधारण दर तीन प्रयत्नांत एक हिट, आणि २२ होमरन. २०२१ मध्ये ४२ होमरन, नॅशनल लीगमध्ये, म्हणजे मेजर लीगच्या दोनपैकी एका गटात, सगळ्यात जास्त, आणि त्याच वर्षी सीझनआधी १४ वर्षांचा ३४ कोटी डॉलर्सचा करार. मग २०२२ मध्ये बंदी असलेलं औषध सापडलं आणि ८० मॅचेससाठी बाहेर बसला. तेव्हा साउथ साइडवरचे काहीजण म्हणाले, बरं झालं, सुटलो. मला ते अजिबात आवडलं नाही. चूक त्याची होती, शिक्षा भोगली, आणि २०२३ मध्ये परत आला तो शॉर्टस्टॉप सोडून राइट फील्डला, नवीन जागा शिकला आणि तिथे प्लॅटिनम ग्लव्ह घेतलं, म्हणजे नॅशनल लीगमधला सगळ्यात उत्तम फील्डर. आपण गमावलेल्या पोराचं वाईट झालं म्हणून आपलं दुःख कमी होतं का? माझं तरी नाही झालं.

२०२४ चं वर्ष सॉक्सच्या फॅन्सनी कसं काढलं ते आमचं आम्हाला माहीत. ४१ विजय आणि १२१ पराभव, मेजर लीगच्या आधुनिक इतिहासात एका सीझनमध्ये एवढं कोणी हरलं नव्हतं, १९६२ च्या न्यूयॉर्क मेट्सचा १२० चा रेकॉर्ड आम्ही मोडला. आणि त्या रेकॉर्डची बरोबरी करणारा तो १२०वा पराभव कुठे झाला माहितीये? सॅन डिएगोत, २२ सप्टेंबरला, पाड्रेसच्या मैदानावर. ते प्लेऑफच्या तयारीत होते आणि तातीस त्यांचा होता.

एक माणूस असता तर १२१ पराभव टळले असते असं मी म्हणत नाही, एवढं बेसबॉल मलाही कळतं. माझं मागणं अगदी साधं आहे आणि ते मी सगळ्याच टीम्ससाठी मागते. सोळा-सतरा वर्षांचा पोरगा साइन केलात तर त्याला किमान एक पूर्ण सीझन खेळू द्या, तोपर्यंत त्याला ट्रेड करता येणार नाही असा नियमच करा. त्या पोराचंही भलं, घर सोडून आलेल्या मुलाला एका जागी रुळायला वर्ष तरी मिळेल, आणि फॅनलाही कळेल की आपण काय देतोय.

आता फोन लाइन्स उघडतोय. ज्यांना वाटतं की त्या दिवशी हानच्या जागी आपणही हेच केलं असतं, त्यांचे फोन मला आधी हवेत.